वाचक विचारतात : बर्फातल्या पाच रात्री आणि सामी लोकांचा मुलूख

स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुना, अबिस्को आणि योकमोक्क या भागात फेब्रुवारीत गाइडसोबत पाच-सहा दिवसांची सहल करता येते. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडचा हा भाग रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या मुलखात येतो. तिथे जाण्याबद्दल वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांतल्या गावांमधून आलेली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

तूर घरी आली की हरभरा सोंगेपर्यंत आमच्या हाती आठ-दहा दिवस राहतात. तेवढ्यात हे पाहून होते काय? एक टूरवाला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिन्ही दाखवतो म्हणते.
— शेतकरी वाचक, आर्वी (जि. वर्धा)

होतं, पण तिन्ही देश एका दमात नकोत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला किरुनात सूर्य जेमतेम सहा तास वर असतो. रस्ते बर्फाचे असतात आणि मध्येच रेनडिअरचा कळप आडवा येतो, त्यामुळे किरुना ते योकमोक्क या सुमारे २०० किलोमीटरला तीन तास धरावे लागतात. तीन देशांच्या सहलीत दिवसाचा उजेड बसच्या काचेमागेच संपतो. शिवाय काही ठिकाणं नुसती यादी वाढवण्यासाठी छापलेली असतात. नॉर्वेतल्या आल्टाची कातळचित्रं जागतिक वारसा आहेत, पण हिवाळ्यात ती बर्फाखाली असतात. टूरवाल्याच्या पत्रकात फेब्रुवारीत ती दिसली, तर ‘बर्फाखालची चित्रं कशी दाखवणार?’ एवढा एकच प्रश्न त्याला विचारून पाहा.

पाच रात्री अशा लावाव्यात. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, पुढे स्टॉकहोम, आणि तिथून दीड तासाच्या विमानाने किरुना. पहिल्या रात्री नुसती झोप घ्या. दुसऱ्या दिवशी किरुना गाव आणि युकासयार्वी. लोखंडाच्या खाणीमुळे किरुनाखालची जमीन खचते आहे, म्हणून सगळं गावच सरकवणं चालू आहे. १९१२ सालचं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये न मोडता, अख्खंच्या अख्खं चाकांच्या गाड्यांवर ठेवून सुमारे ५ किलोमीटर नेलं. युकासयार्वीला तोर्ने नदीच्या बर्फाचं हॉटेल आहे. आत तापमान उणे ५ ते उणे ८ असतं, म्हणजे बाहेरच्यापेक्षा बहुधा उबदारच. ते दिवसा तिकीट काढून पाहणं पुरेसं आहे. तिथे झोपण्यावर खर्च करण्यापेक्षा अबिस्कोत एक रात्र वाढवा.

तिसरी आणि चौथी रात्र अबिस्कोत. का, ते पुढच्या उत्तरात येईल. पाचवी योकमोक्कला. तिथला हिवाळी बाजार फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत भरतो. राजा नववा कार्ल याने १६०५ मध्ये उत्तरेकडे असे बाजार नेमून दिले. लोक एका जागी आले की व्यापारही होईल आणि करही वसूल होईल, हा हिशेब होता. तेव्हापासून हा बाजार भरतो आहे. आपल्या जत्रेसारखीच गर्दी, कातडी, चाकू, लाकडी भांडी, चांदीचे दागिने आणि गोठलेल्या तळ्यावर रेनडिअरच्या शर्यती. शंकरपट पाहिलेल्याला यातलं पुष्कळ न सांगता कळेल. गावातलं आय्त्ते संग्रहालय मात्र बाजाराच्या नादात चुकवू नका. आय्त्ते म्हणजे सामी भाषेत कोठार. राहायला जागा फार कमी आहेत, त्यामुळे बाजाराच्या दिवसांचं आरक्षण वर्षभर आधी करावं लागतं. परतीला किरुनाला न जाता लुलेओहून विमान पकडलं तर रस्त्याचा वेळ वाचतो.

आकाशातले हिरवे दिवे नक्की दिसतात काय? पैसे भरून नाही दिसले तर?
— वाचक, चिमूर (जि. चंद्रपूर)

नक्की कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ध्रुवांभोवतीच्या कड्यात उतरतात आणि हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजेड देतो, त्याहून बराच वरचा लाल. किरुना-अबिस्को या कड्याच्या अगदी खाली आहे, म्हणून सूर्य फारसा खवळलेला नसतानाही तिथे ध्रुवप्रकाश दिसतो. मोबाइलवर ० ते ९ अशा आकड्यांत जो अंदाज येतो, तो तिथे १ किंवा २ असला तरी बाहेर पडावं. आकडा कमी म्हणून झोपून राहणं ही नेहमीची चूक.

खरा अडथळा ढगांचा असतो. अबिस्कोच्या पश्चिमेचे डोंगर अटलांटिकवरून येणारं बाष्प अडवतात, त्यामुळे तोर्नेत्रेस्क तळ्यावर आकाश आसपासच्या भागापेक्षा जास्त वेळा मोकळं राहतं. दोन रात्री तिथे ठेवायला सांगितलं ते यासाठीच. रात्री ९ ते १ ही वेळ धरा. चांदणं असलं तरी चालतं, फक्त फिकट पट्टे दिसत नाहीत. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : सुरुवातीला डोळ्यांना तो पट्टा राखाडी, पांढुरक्या ढगासारखा भासतो, कॅमेऱ्यात हिरवा येतो. जोर वाढला की डोळ्यांनाही रंग दिसतो आणि तो हलायला लागतो.

फोटोसाठी तिपाई हवीच. आयएसओ १६००, झडप ५ ते १५ सेकंद उघडी, छिद्र जास्तीत जास्त मोठं, फोकस हाताने लांबच्या ताऱ्यावर. मोबाइल असेल तर नाइट मोड आणि टायमर, कारण बटण दाबतानाच फोन हलतो. थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते, म्हणून दुसरी बॅटरी छातीजवळच्या आतल्या खिशात ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर उबदार हवेतलं बाष्प थंड काचेवर आणि आतल्या सर्किटवर जमतं.

मी कापूसच पिकवतो. कापसाचे थर्मल घेतले तर काहून चालत नाही म्हणतात? आमच्याकडे थंडीत गोधडी कापसाचीच राहते.
— शेतकरी वाचक, वणी (जि. यवतमाळ)

तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण या सहलीत लोक आजारी पडतात ते बहुतेक इथेच चुकल्यामुळे.

गोधडी कोरडी असते आणि तिच्यात हवा अडकलेली असते, म्हणून ती ऊब देते. अंगावरचा कापूस मात्र घाम पितो आणि धरून ठेवतो. तुम्ही जाडजूड कपडे घालून बर्फात वीस मिनिटं चालता, आत घाम सुटतो, मग ध्रुवप्रकाशाची वाट पाहत तासभर उभे राहता. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओली बनियन तेवढ्या वेळात अंगातली ऊब काढून घेते. म्हणजे माणूस थंडीने कमी आणि ओलीने जास्त गारठतो. लोकरीचा धागा थोडी ओल आत मुरवूनही ऊब सोडत नाही, म्हणून अंगालगत लोकरच हवी.

आपल्या बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळतं ते पुष्कळदा कापसाचं किंवा कापूस-मिश्रणाचं असतं. लेबल उलटून वाचा. मेरिनो लोकर उत्तम. ती महाग वाटली तर पूर्ण पॉलिएस्टरचंही चालतं. कापसाचा टक्का दिसला की परत ठेवा. बनियन आणि चड्डीही याच नियमात येतात, हे बरेच जण विसरतात.

एका माणसाला लागेल ते असं : अंगालगतचे वरचे-खालचे २ जोड, म्हणजे एक धुऊन हीटरवर वाळत घालता येतो. त्यावर फ्लीसचा १ सदरा, १ हलकं पिसांचं जाकीट, आणि वारा अडवणारं वरचं जाकीट व पँट. लोकरीचे मोजे पातळ २ जोड, जाड २ जोड. हाताला आधी पातळ मोजे आणि त्यावर चार बोटं एकत्र राहणारे मोठे मोजे. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यात बोटं लवकर गार होतात. कानटोपी, मानेभोवती नळीसारखा पट्टा, आणि चेहरा झाकणारी टोपी. जाड ओव्हरऑल आणि बूट बहुतेक सहल-चालक तिथे देतात. बुकिंग करतानाच लिहून घ्या, म्हणजे विकत घ्यायला नको.

बूट एक नंबर मोठा. जाड मोजे घालून आत बोटं हलली पाहिजेत. पाय गार पडतात म्हणून तीन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. आतलं नमद्याचं अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळवा.

चालताना घाम येतोय असं वाटलं की लगेच चेन उघडा, टोपी काढा. थांबण्याआधी पुन्हा बंद करा. शेतात काम करणाऱ्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. तिथे उणे १० ते उणे २० नेहमीचं आणि उणे ३० ची तयारी ठेवावी लागते. गोंदियाच्या थंडीचा अंदाज तिथे कामाचा नाही.

बायांसाठी वेगळं सांगायला हवं : बाहेर जाताना कानातले, नथ, धातूच्या बांगड्या काढून ठेवा. धातू थंडी थेट कातडीत नेतो आणि कानाची पाळी सगळ्यात आधी गोठते. बुटात जोडवी घालू नका, सुजलेल्या बोटाला ती आवळतात.

नाकाचा शेंडा, गाल किंवा बोट पांढरं, मेणासारखं झालं आणि तिथे कळेनासं झालं, तर ती हिमदंशाची सुरुवात. सोबतच्यांनी एकमेकांचे चेहरे दर दहा मिनिटांनी पाहावेत, कारण ज्याला होतं त्याला समजत नाही. उबदार हाताचा तळवा तिथे नुसता ठेवा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, आणि शेकोटीसमोर धरू नका : बधिर कातडी भाजते तेही कळत नाही. अर्ध्या तासात रंग परतला नाही तर गाइडला सांगा. तातडीचा नंबर ११२.

सामी म्हणजे कोण? त्यांच्या छावणीत गेल्यावर कसं वागावं, काय विचारावं?
— शिक्षिका, परतवाडा (जि. अमरावती)

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला भाग, या चार देशांच्या उत्तरेला पसरलेल्या साप्मी या मुलखातले हे मूळ रहिवासी. चार देशांच्या सीमा त्यांच्या चराईच्या वाटांवर नंतर आखल्या गेल्या. त्यांच्या ९ भाषा आजही बोलल्या जातात. नॉर्वेत १९८९ पासून, स्वीडनमध्ये १९९३ पासून त्यांची स्वतःची निवडून आलेली संसद आहे, फिनलंडमध्येही आहे. ६ फेब्रुवारी हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, कारण १९१७ मध्ये त्या तारखेला त्रोन्हाइमला सीमांपलीकडच्या सामींची पहिली मोठी सभा भरली. काही वर्षी तो योकमोक्कच्या बाजारातच येतो. जुन्या पुस्तकांतला ‘लॅप’ हा शब्द त्यांना अपमानाचा वाटतो. वर्गात शिकवताना ‘सामी’च म्हणा.

सगळे सामी रेनडिअर पाळत नाहीत. बरेच जण शहरात नोकरी करतात. पण तुम्ही छावणीत जाल ती कळप राखणाऱ्याची. इथे आपल्याकडच्या माणसाला एक सवय आवरावी लागेल. आपण भेटल्याबरोबर ‘किती एकर?’, ‘किती क्विंटल झाला?’ असं विचारतो. ‘तुमच्याकडे रेनडिअर किती?’ हा प्रश्न तिथे बँकेत किती पैसे आहेत असं विचारल्यासारखा आहे. विचारायचंच तर या हिवाळ्यात चराई कशी आहे ते विचारा. त्यासाठी त्यांच्याकडे गुओह्तुन असा शब्दच आहे : बर्फाखालचं खाणं जनावराला मिळण्याजोगी स्थिती. रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचं दगडफूल खातो. ऐन हिवाळ्यात पाऊस पडला आणि पुन्हा गोठला, तर जमिनीवर काचेसारखा थर बसतो. खाणं खाली दिसतं पण तोंडाला लागत नाही, आणि चारा विकत आणून टाकावा लागतो. कापणीला आलेल्या गव्हावर गारपीट झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे भाषांतराशिवाय कळतं. अशा गप्पा निघाल्या की छावणीतला तास कमी पडतो.

कानातल्या खुणांबद्दलही विचारा. प्रत्येक मालकाची कापांची खूण वेगळी असते, उन्हाळ्यात पाडसांच्या कानाला चाकूने ती देतात, आणि धावत्या कळपात राखणारा ती ओळखतो. गाडी ओढतो तो बहुधा खच्ची केलेला नर, आपल्या बैलासारखाच. त्याला वळण लावायला काही वर्षं जातात. हिवाळ्यात शिंगं दिसली की नर समजू नका. वयात आलेले नर माजाचा काळ सरला की शिंगं टाकतात, माद्या ती वसंतापर्यंत ठेवतात. चालताना खुरांजवळ टक्-टक् आवाज येतो तो पायातल्या स्नायुबंधाचा, जनावर लंगडत नाही. शिंगांना हात लावू नका, मागून जाऊ नका, घसरगाडीत पाय आत ठेवून बसा आणि ओरडू नका.

लाव्वू या तंबूत मध्ये विस्तव असतो. दाराजवळ खोळंबू नका, विस्तवावरून ओलांडून जाऊ नका, गाइड दाखवेल तिथे बसा. कोणी योइक, म्हणजे सामींचं पारंपरिक गाणं, गायलं तर ते टाळ्या वाजवून पुन्हा मागण्याचं गाणं नाही. योइक एखाद्या माणसाबद्दल नसतं. ते गाणाऱ्याच्या लेखी तो माणूसच असतो. मिशनऱ्यांनी त्याला पाप ठरवलं, सामींचे ढोल जप्त केले. १६९१ मध्ये जप्त केलेला एक ढोल डेन्मार्कने २०२२ मध्ये नॉर्वेतल्या काराशोक इथल्या सामी संग्रहालयाला परत दिला. हे माहीत असेल तर तंबूतलं ते गाणं वेगळं ऐकू येतं. गाक्ती हा त्यांचा पोशाख. त्याच्या रंग-काठावरून माणूस कुठल्या भागातला ते कळतं. फोटोआधी विचारा. मेळघाटात कोणी न विचारता कोरकूंच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरलं तर आपल्याला जसं खटकतं, तसंच ते आहे.

‘बुरेस’ म्हणजे नमस्कार, ‘गीतू’ म्हणजे आभार. एवढे दोन शब्द पाठ करून जा. यजमानाला काही न्यायचं असेल तर वर्ध्याकडच्या खादीचा टेबलावरचा कपडा न्या. खाण्याची वस्तू नको.

पत्रकात कुत्र्यांची गाडी, काचेचं इग्लू आणि ‘लॅपिश दीक्षाविधी’ सामी संस्कृती म्हणून लिहिले आहे. खरं काय?
— वाचक, उमरेड (जि. नागपूर)

तिन्ही सामींचं नाही. इग्लू आर्क्टिक अमेरिकेतल्या इनुइटांचं. कुत्र्यांच्या गाड्या पर्यटनासाठी आल्या. हौस असेल तर जरूर बसा, पण ती सामी परंपरा नाही. तोंडाला काजळी फासून केलेला दीक्षाविधी तर बनावट आहे. फिनलंडमधल्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नैतिक तत्त्वं ठरवली ती अशाच खोट्या पोशाखांना आणि विधींना कंटाळून. बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा : छावणी सामी कुटुंबाची आहे का, आणि माहिती सांगणारा स्वतः सामी आहे का. हस्तकला घेताना ‘सामी दुओज्जी’ ही खूण पाहा. भूर्जाच्या गाठीतून कोरलेला गुक्सी पेला घेतला तर साबणाने धुऊ नका, लाकूड साबण पितं. चाकू घेतलात तर तो विमानात चेक-इन सामानातच टाका.

आम्ही शाकाहारी. सोबत काय नेता येते? नागपूरची संत्रा बर्फी चालेल काय?
— गृहिणी, दारव्हा (जि. यवतमाळ)

बर्फी नाही. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ स्वीडनमध्ये नेता येत नाहीत. खवा, पेढे, तूप, दूध पावडर सगळं त्यात येतं. ताजी संत्रीही नकोत, त्यांना वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. चिवडा, सातूचं पीठ, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पापड, मेतकूट न्या. सगळं बंद पाकिटात, नाव लिहून. किटली खोलीत आहे का ते विचारून घ्या. खोलीत फोडणी घालू नका : धुराचा अलार्म वाजतो आणि सगळं हॉटेल बर्फात उभं राहतं.

छावणीत बिदोस नावाचं रेनडिअरच्या मांसाचं, बटाटा-गाजर घातलेलं कालवण असतं. बुकिंग करताना आणि आदल्या दिवशी पुन्हा सांगा : मांस नाही, मासा नाही, मांसाचं पाणीही नाही. ‘व्हेज’ एवढंच सांगितलं तर कधी मासा पुढे येतो. गाह्कू ही तव्यावरची मऊ भाकरी आणि क्लाउडबेरी हे फळ तुम्हाला चालेल. चीजचे तुकडे टाकलेली कॉफी घेण्याआधी मात्र चीज जनावरापासूनच्या विरजणाचं नाही ना, ते विचारा.

शेतकऱ्याला व्हिसा मिळते काय? आमच्याजवळ पगाराची चिठ्ठी नाही.
— वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

मिळतो. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, सहलीच्या ६ महिने आधीपासून मागता येतो. निदान १५ दिवस आधी अर्ज हवाच, पण तुम्ही दोन-तीन महिने राखा. जिथे जास्त रात्री राहाल त्या देशाकडे अर्ज करायचा, इथे स्वीडन. फी प्रौढाला ९० युरो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईसारख्या केंद्रावर स्वतः जावं लागतं. पासपोर्ट परतीनंतर ३ महिने चालणारा, गेल्या १० वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी. विमा निदान ३०,००० युरोंचा.

पगाराच्या चिठ्ठीऐवजी सातबारा, आठ-अ, कापूस-तूर विकल्याच्या पावत्या, बँकेचं विवरण आणि भरत असाल तर आयकर विवरणपत्र. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली याचा कागद नसेल तर अर्ज तिथेच अडकतो. जिनिंगचे पैसे आले असतील तर पावतीची तारीख आणि खात्यातली तारीख जुळते का ते पाहा.

वडील ६८ वर्षांचे, साखरेसाठी इन्सुलिन घेतात. न्यावे काय?
— वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला तर न्या, पण इन्सुलिन एकदा गोठलं की निकामी होतं, दिसायला नीट असलं तरी. ते विमानात हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह, आणि बाहेर असताना सदऱ्याच्या आतल्या खिशात अंगाजवळ. वरच्या जाकिटाच्या खिशात नको. साखर मोजण्याचं यंत्रही थंडीत चूक दाखवतं किंवा चालतच नाही. आत येऊन, ते उबदार झाल्यावर तपासा. साखरेमुळे पायाची जाणीव कमी असेल तर त्यांना पाय गारठल्याचं कळणार नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने आत नेऊन मोजे काढून पाय डोळ्यांनी पाहा. थंडीत रक्तदाबही चढतो; गोळ्यांची वेळ साडेचार तासांच्या फरकाने कशी सरकवायची ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. बर्फावर पडू नये म्हणून बुटाखाली लावायचे काटे तिथे दुकानात मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. पावलं छोटी, तळवा सपाट, हात खिशाबाहेर.